चाकाची मागची बाजू

अलॉय व्हीलच्या दुकानात चाक नेहमी तोंडाकडून दाखवतात. भिंतीवर ओळीनं टांगलेली काळी, चंदेरी, तांबूस चाकं, वरून पडणारा पांढराशुभ्र उजेड, आणि गिऱ्हाइकाचा हात कधी या आऱ्यावरून फिरतोय, कधी त्या. मी आता अशा दुकानात गेलो की एवढंच म्हणतो, "जरा उलटं करून दाखवा." मागच्या बाजूला रंग धड नसतो, ओतकामाचा खरखरीतपणा तसाच असतो. पण गाडीच्या कामाचं जे काही आहे ते तिथंच उठावाच्या अक्षरांत असतं: १५ × ६ जे, ४ × १००, ईटी ४५, कमाल भार ५६० किलो. पुढची बाजू माणसासाठी असते, मागची गाडीसाठी.

ही सवय मला फुकट लागली नाही. माझ्या जुन्या फियाट पुंटोसाठी उपनगरातल्या एका दुकानातून मी चार अलॉय घेतली. चाकाला चार भोकं, गाडीला चार बोल्ट, एवढंच मी पाहिलं होतं. मिस्त्रीनं तीन बोल्ट हातानं फिरवले आणि चौथा पान्यानं रेटला. "नवीन आहे साहेब, बसेल." दुसऱ्या दिवशी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. दोनदा बॅलन्सिंग करून झालं, अलाइनमेंट झालं, थरथर तशीच. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरनं चाक काढलं आणि समोरासमोरच्या दोन भोकांवर पट्टी धरली. "हे शंभरचं चाक आहे. तुमची गाडी अठ्ठ्याण्णवची." दुकानदारानं चाक परत घेतलं नाही, आणि माझ्याकडे त्याला दाखवायला पक्कं बिल नव्हतं.

गाडीला कारखान्याबाहेरचे पार्ट लावण्याचा बाजार विशेषणांवर चालतो. 'रेसिंग', 'स्पोर्ट', 'स्टेज वन', 'इंपोर्टेड', आणि सगळ्यांत लाडका शब्द 'पिकअप'. गाडीला यातला एकही शब्द कळत नाही, तिला कळतात ती मापं. म्हणून खरेदीला निघालेल्या माणसाचं काम एकच: प्रत्येक विशेषणाचा आकडा करून घ्यायचा आणि तो आकडा कागदावर उतरवून घ्यायचा.

मिलिमीटरचा हिशेब

चाकापासूनच सुरुवात करू. ४ × १०० याचा अर्थ चार बोल्ट, आणि त्यांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. याला पीसीडी म्हणतात. मारुती स्विफ्टचा पीसीडी ४ × १००, फोक्सवॅगन पोलोचा ५ × १०० आणि पुंटोचा ४ × ९८. व्यासात दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे प्रत्येक बोल्ट आपल्या जागेपासून एक मिलिमीटर सरकलेला. रेटला तर तो आत जातो, आणि घात तिथंच होतो. बोल्टचं डोकं खाचेत सगळीकडून टेकत नाही, सगळा ताण एका कडेवर येतो आणि धक्क्याधक्क्याला बोल्ट सैल होत जातो. खाचेचा आकारही पाहायचा. काही गाड्यांच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं, पोलोचं तसं आहे. बाजारातल्या बहुतेक अलॉयची खाच मात्र शंकूसारखी निमुळती असते. गोल बोल्ट निमुळत्या खाचेत घट्ट वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक रेघेवर.

दुसरं माप मधल्या भोकाचं. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर. बाजारातलं चाक अनेक गाड्यांना चालावं म्हणून त्याचं मधलं भोक मोठं ठेवलेलं असतं. मधली पोकळी भरायला एक रिंग लागते. ती स्वस्त असते, म्हणूनच विसरली जाते, आणि मग बॅलन्सिंग कितीही केलं तरी थरथर जात नाही.

तिसरा आकडा ऑफसेटचा, म्हणजे ईटी. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर. मूळ चाक ६ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे, तुम्ही घेताय ते ७ इंच आणि ईटी ३८. रुंदीतली एक इंचाची वाढ दोन्हीकडे निम्मी वाटली तर बाहेरच्या अंगाला १२.७ मिलिमीटर, त्यात ऑफसेटमधले ७. म्हणजे चाकाची कड जवळजवळ २० मिलिमीटर बाहेर येते. दुकानाच्या दारात हे फार देखणं दिसतं. मग पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन तुम्ही गावाला निघता आणि पहिल्याच गतिरोधकावर टायर मडगार्डला घासतो. व्हील बेअरिंगवर वाढलेला ताण तर घासल्याचा आवाजही करत नाही.

टायरचं गणित त्यामानानं सोपं. १८५/६५ आर १५ म्हणजे १८५ मिलिमीटर रुंदी, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंचांची. एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर भरतो. १६ इंची रिम हवी असेल तर १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ येतो, फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही. याउलट 'जाड दिसतो' म्हणून त्याच १५ इंची रिमवर २०५/६५ चढवला, तर व्यास चार टक्क्यांनी वाढतो. काटा १०० दाखवत असतो तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा चार किलोमीटर जास्त वेगानं पळत असते, आणि प्रत्येक गिअर तेवढाच लांबल्यामुळे उठाव कमी होतो. पिकअपसाठी पैसे मोजायचे आणि पिकअपच घालवायचा, असा हा सौदा.

सगळ्यांत बिनधोक वाट म्हणजे आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचं माप. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलांना १६५/८० आर १४ टायर येत, वरच्यांना १८५/६५ आर १५. दोन्हींच्या व्यासात दोन मिलिमीटरच्या आतला फरक. कंपनीनं तुमच्यासाठी आधीच हिशेब करून ठेवलाय. टायर घेताना बाजूवरचे चार अंकही वाचा. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. 'नवा' म्हणून दिलेला टायर दुकानात चार वर्षं पडून असेल तर हे अंक सांगतात.

आणि चाक उचलून पाहा. जमलं तर बॅगा तोलायचा छोटा काटा खिशात ठेवा. चौदाच्या जागी सतराची जड चाकं लावली तर इंजिनाला ते वजन नुसतं वाहून न्यायचं नसतं, दर वेळी फिरवायचंही असतं. वेग घेताना आणि ब्रेक दाबताना, दोन्ही वेळी त्याची किंमत मोजावी लागते.

पिकअप कुठून येतो

इंजिनाच्या पार्टमध्ये विशेषणांचं पीक सर्वांत जोमदार. तेलात भिजवलेल्या सुती जाळीचा एअर फिल्टर घ्या. हा प्रकार १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड यांनी बाजारात रुजवला. के अँड एन हे नाव त्यांच्याच आद्याक्षरांचं. धुऊन पुन्हा वापरता येणं हा त्याचा खरा फायदा. पण हवा मोकळी आली म्हणून ताकद वाढायची तर आधी हवा अडत असली पाहिजे. रोजच्या गाडीचा कागदी फिल्टर स्वच्छ असेल, तर तो इंजिनाला गुदमरवत नाही. म्हणून नुसता फिल्टर बदलून होणारी वाढ बहुधा कानालाच जाणवते. धुतल्यावर तेल जास्त लावलं तर ते पुढच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं, ते वेगळंच.

सायलेन्सरचंही तेच. आवाज वाढणं म्हणजे ताकद वाढणं नव्हे. मागचा डबा बदलून फार काही होत नाही हे कळलं की विक्रेता पुढचं सुचवतो: "कॅटकॉन काढून टाकू." १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत त्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागेपुढे सेन्सर बसलेले असतात. तो काढला की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मग तो दिवा विझवायचे वेगळे पैसे, आणि पीयूसीच्या दारात वेगळी धडधड.

टर्बो इंजिनात मात्र रिमॅपला खरोखर वाव असतो. गाडीच्या ईसीयूमध्ये इंधन किती, कधी आणि टर्बोचा दाब किती याचे तक्ते भरलेले असतात. खराब इंधन, मे महिन्यातलं ऊन, उंच घाट, प्रदूषणाचे निकष आणि वॉरंटी हे सगळं धरून कंपनी ते तक्ते हात राखून लिहिते. रिमॅप करणारा त्या राखलेल्या हाताला हात घालतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात राखलेलं फारसं नसतंच, त्यामुळे तिथं मोठ्या वाढीचं आश्वासन ऐकलं की दुकानातून निघायला हरकत नाही.

टर्बोतही मर्यादा कुठं आहे हे एका ओळखीच्या इंजिनाकडे पाहिलं की कळतं. १,२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल पुण्याजवळ रांजणगावलाही बनत असे आणि अनेक कंपन्यांच्या गाड्यांत जात असे. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस आणि १९० न्यूटनमीटर देई, तर एर्टिगात ९० पीएस आणि २०० न्यूटनमीटर. सिलिंडर तेच, पण वरच्या १५ पीएससाठी टर्बो बदललेला होता: साध्या टर्बोच्या जागी हलत्या पात्यांचा. ज्यांनी इंजिन घडवलं त्यांनीही वाढीव ताकदीसाठी नुसते तक्ते बदलले नाहीत, लोखंड बदललं. 'फक्त सॉफ्टवेअरनं ३० पीएस देतो' म्हणणाऱ्याला एवढं तरी विचारावं: ती ताकद कोणता पार्ट सोसणार? क्लच, गिअरबॉक्स की टर्बो? पोलो जीटीच्या १.२ टीएसआय इंजिनाचा टॉर्क १७५ न्यूटनमीटर होता, आणि त्याच्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा २५०. मधले ७५ ही सगळी शिल्लक. ती संपेपर्यंत उडवायची की थोडी ठेवायची, हे कोणी ठरवायचं ते आधीच ठरलेलं बरं.

रिमॅपवाला डायनोचा आलेख दाखवतो. रोलरवर गाडी पळवून काढलेल्या दोन रेघा, एक ताकदीची आणि एक टॉर्कची. हा आलेख खरा की सजवलेला ते मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तपासता येतं. कोणत्याही एका बिंदूवर न्यूटनमीटरला आरपीएमनं गुणा आणि ७,०२३ नं भागा. उत्तर पीएसमध्ये येतं. १९० न्यूटनमीटर २,००० आरपीएमला म्हणजे ५४ पीएस. कोणी ४,०००ला १२० पीएस म्हणत असेल, तर त्याच जागी टॉर्कची रेघ २१० च्या आसपास हवी. ती १७० वर असेल तर आलेख चित्रकलेच्या वहीतला आहे. दुसरी हातचलाखी अशी, की आधीचा आकडा चाकावरचा आणि नंतरचा इंजिनावरचा. इंजिनापासून चाकापर्यंत येईतो साधारण दहा-पंधरा टक्के ताकद वाटेत झिरपते. दोन्ही आकडे एकाच जागचे, एकाच यंत्रावरचे, शक्यतो एकाच दिवशीचे मागा.

ओबीडी पोर्टात खोचायची दोन-पाचशेची 'पॉवर चिप' यात धरायचीही नाही. असल्या डब्या उघडून पाहणाऱ्यांना आत दिवे लुकलुकवण्यापलीकडे काम करणारं काही सापडलेलं नाही.

न चमकणारे पार्ट

हेडलाइटचा साधा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दुकानात १००/९० सहज मिळतो. १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला आठच्या वर. मूळ वायर, स्विच आणि सॉकेट यांतलं काहीही त्यासाठी बनलेलं नाही. सॉकेट पिवळं पडून वितळतं, परावर्तकाचा मुलामा जळतो. एलईडी बसवला तर वीज वाचते, पण परावर्तक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. उजेडाचा उगम जरा सरकला की तो रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त पडतो.

आणि ब्रेक. ताकदीवर पन्नास हजार खर्च करणारा माणूस ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते सांगू शकत नाही. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरलेल्या तेलाची हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. आंबा घाट उतरताना वारंवार ब्रेक दाबून ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. ताजं तेल, बरे पॅड आणि खाली उतरताना दुसरा गिअर, यांच्याइतकी कामाची सुधारणा क्वचितच सापडेल. ती भिंतीवर टांगून दाखवता येत नाही, म्हणून कोणी सुचवत नाही.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ए मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आवाज आणि धुराचे निकष मोडले तर कलम १९० वेगळं. मंजूर सीएनजी किटसारखे बदल आरसीवर नोंदवून करता येतात. 'सगळे लावतात' हे वाक्य मात्र कोणत्याही कलमात नाही.

विम्याचं त्याहून सोपं. जे कळवलं नाही ते विमा कंपनीसाठी अस्तित्वात नसतं. अपघातानंतर सर्व्हेअर बॉनेट उघडतो तेव्हा न कळवलेला पार्ट नुसता भरपाईतून वगळला जातो असं नाही, अख्ख्या दाव्याला हरकत घ्यायला तो निमित्त ठरू शकतो.

विकणारा माणूस

कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, दुकानदाराला पारखायची माझी कसोटी साधी आहे. मी गाडीचं मॉडेल आणि साल सांगतो आणि गप्प बसतो. चांगला विक्रेता उलट प्रश्न विचारायला लागतो: मूळ टायर कुठला, रोजचं रनिंग किती, मागे माणसं बसतात का, वॉरंटी संपली का? दुसरा विचारतो, "बजेट काय?"

त्यानंतर पार्ट नंबर मागायचा. 'हे तुमच्या गाडीला चालतं' आणि 'हा नंबर बनवणाऱ्यानं तुमच्या गाडीसाठी दिलाय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी पडताळून पाहता येते. इंपोर्टेड म्हणून बंद खोक्यात दिलेल्या मालावर आपल्याकडच्या वजनमाप कायद्यानुसार आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली हवी. ती चिठ्ठी नसेल तर माल बॅगेतून आलेला आहे किंवा शेजारच्या गल्लीतून, आणि दोन्ही वेळी वॉरंटीचा दरवाजा बंद. 'फर्स्ट कॉपी' हा शब्द घड्याळाला ठीक असेल. ब्रेक पॅड आणि चाक यांना फर्स्ट कॉपी नसते. असते ती नक्कल, आणि तिचा भार कुठल्या प्रयोगशाळेत तपासलाय हे तिच्या पाठीवर लिहिलेलं नसतं.

बाहेरून मागवायच्या मालासाठी आगाऊ रक्कम घेण्याची पद्धत आहे. त्यात वावगं काही नाही, पण किंमत कस्टम ड्युटीसह आहे का, किती दिवसांत येणार आणि आला नाही तर पैसे कधी परत मिळणार, ही तीन उत्तरं मेसेजमध्ये लेखी हवीत. 'कंटेनर अडकलाय' ही या धंद्यातली सर्वांत दीर्घायुषी सबब आहे. रोख देऊ नका, यूपीआय किंवा कार्डाची खूण मागे राहते. ऑनलाइन मागवलं तर पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, आणि पार्ट बसवण्याआधीच नंबर जुळवा. एकदा पार्टवर ग्रीस लागलं की वाद घालायला जागा उरत नाही.

बसवतानाही उभे राहा. वायर कापून जोडतोय की कपलर लावतोय, बोल्ट टॉर्कच्या पान्यानं आवळतोय की पाय देऊन, हे डोळ्यांनी दिसतं. नवी चाकं लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. काढलेला मूळ पार्ट घरी न्या. "जुना इथंच ठेवा, पाचशे कमी करतो" या औदार्यामागे तुमच्या मूळ पार्टचा भाव दुकानदाराला ठाऊक असतो, एवढंच. गाडी विकताना, विम्याच्या वेळी किंवा नवा पार्ट दगा देईल तेव्हा माळ्यावरचं ते खोकं उपयोगी पडतं.

शेवटी कागद. कच्च्या चिठ्ठीवर हजार-दोन हजार कमी होतात, आणि त्यासोबत तुमचा हक्कही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो. मात्र दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: बिल आहे का?

परवा भाच्याच्या स्विफ्टसाठी चाकं घ्यायला गेलो. सौदा ठरल्यावर दुकानदारानं बिलावर 'अलॉय व्हील, ४ नग' एवढंच लिहिलं. मी चाक उलटं केलं आणि मागचे आकडे त्याला एकेक वाचून दाखवले: पंधरा बाय सहा, चार बाय शंभर, ईटी पंचेचाळीस. त्याच्या कपाळावर आठी पडली, पण त्यानं लिहिलं. भाच्यानं बिल घेतलं, उलटून पाहिलं आणि मागचं बारीक छापील वाक्य मोठ्यानं वाचलं, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." दुकानदार हसला, "ते सगळ्याच बिलांवर असतं हो." भाच्यानं खिशातून पेन काढलं, ते वाक्य खोडलं आणि शेजारी सही करायला बिल त्याच्यापुढे सरकवलं.